बोटीची पहिली सफर

मंडळी, बोटीच्या पहिल्या सफरीला निघताना आपण कपड्यालत्त्याची आणि फराळाची चिंता फार करतो. खोली मात्र बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावे कमी लागतात. ओळखपत्र नि औषधे हातपिशवीतच असू द्यावीत.

आणि एक गोष्ट चुकवू नका, ती म्हणजे सुरक्षेची कवायत. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही बोट खडकावर आपटली. ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंची कवायत झालेलीच नव्हती. नियमाने तेव्हा चोवीस तासांची मुभा होती. २०१५ पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते.

तेव्हा आधी आपले जीवरक्षक जाकीट आणि जमण्याची जागा पाहून ठेवा. मग खुशाल समुद्र पाहा!