गांवची पांढरी व पंचायतीचें दप्तर

जुन्या मराठी कागदपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द नवे नाहींत. काळी म्हणजे पिकाऊ जमीन. पांढरी म्हणजे गांवठाण. संस्कृत ‘पाण्डुर’ शब्दाशीं तिचें नातें उघड आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलींतली राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, कोंडा, खापरें हें सर्व एकत्र होऊन जो करडा-पांढरा थर बनतो त्यावरून वस्तीच्या जागेस हें नांव पडलें. परंतु शब्द येथेंच थांबला नाहीं. जमिनीवरून तो माणसांवर गेला, आणि गांवांत नांदणारा सर्व समाज तो ‘पांढरी’, असा अर्थ रूढ झाला. वेस, चावडी, पार, पाणवठा, वाट यांविषयीं निर्णय करणारी व तो महजरावर लिहून देणारी ती हीच पांढरी.

असे महजर आमचे संग्राहक मोठ्या आस्थेनें रुमालांत बांधून ठेवतात. तेंच काम पुढें ज्या संस्थेकडे आलें त्या ग्रामपंचायतीच्या दप्तरास मात्र कोणी हात लावीत नाहीं. तें अलीकडचें, बाळबोध लिपींतलें, सबब त्यास मोल नाहीं, अशी समजूत आहे. धाराशिव जिल्ह्यापुरती तरी ही समजूत किती महाग पडणार आहे तें दाखवावें, एवढ्यासाठींच हा लेख.

प्रथम शास्त्राकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांतील दहाव्या अध्यायाच्या शेवटीं असें सांगितलें आहे कीं, जे लोक देशाच्या हिताचे बांध घालतात, वाटेवर पूल करितात, गांवास शोभा आणणारीं व गांवाचें रक्षण करणारीं कामें करितात, त्यांचें राजानें प्रिय व हित करावें. ‘ग्रामशोभा’ आणि ‘रक्षा’ हे तेथील दोन शब्द ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. आज पंचायतीच्या कामांची जी लांबलचक यादी असते तिचे बहुतेक सर्व रकाने या दोन शब्दांत बसतात. त्याच अध्यायांत, सर्वांच्या हिताची गोष्ट एकानें सांगितली तर इतरांनीं ती मानावी, न मानल्यास बारा पण दंड, असाही नियम आहे. यावरून सार्वजनिक कामांतून अंग काढून घेणारा गृहस्थ त्या काळींही होता, हें सांगण्यास टीकाकार नको! नगराच्या प्रकरणांत तर रस्त्यावर धूळ टाकणारास पणाचा आठवा भाग, चिखलपाण्यानें वाट अडविणारास चौथा भाग दंड सांगून, आग लागल्यास उपयोगी पडावीं म्हणून पाण्याचे घट, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा अशीं साधनें घरोघर ठेवण्याचीही आज्ञा आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें रुंदीची भूमि गुरांसाठीं मोकळी सोडावी असें आहे, आणि सीमेवर वड-पिंपळादि वृक्ष, विहिरी, तळीं असावीं असें आहे. शिवाय, उघडीं चिन्हें नष्ट होतात म्हणून सीमेवर भूमींत गुप्त चिन्हें पुरावीं, आणि तीं राख, कोळसे, खापरें, विटा, हाडें, कोंडा, वाळू यांचीं असावीं, असेंही सांगितलें आहे. शेताच्या बांधाशीं चार खापरें व थोडी राख दिसतांच तेथें प्राचीन वसाहत होती असें अनुमान करणाऱ्या आमच्या उत्साही मित्रांनीं हें स्थळ एकवार अवश्य वाचावें.

आतां महजराकडे. गोत जमलें, पाटील-कुळकर्णी बसले, वाद ऐकला, निर्णय झाला, म्हणजे शेवटीं ज्यांस लिहितां येत नसे त्यांनीं आपल्या निशाण्या करावयाच्या. पाटील व कुणबी नांगर काढीत. सुतार, न्हावी, शिंपी आपापल्या हत्याराची आकृति काढीत. कागदाच्या तळाशीं अशा रीतीनें सर्व गांव उभा राहत असे. हें चित्र मनोहर आहे खरें. पण त्याच्या मोहांत पडून कित्येक लेखकांनीं जुन्या गांवगाड्याचें जें स्तोत्र गाइलें आहे तें मात्र प्रस्तुत लेखकास मान्य नाहीं. ज्या महारानें गांवाची शीव दाखवावी, रात्रीं वेस राखावी, त्यासच गांवच्या पाणवठ्यावर घागर बुडविण्याची मनाई होती. कौटिल्याची ‘रक्षा’ त्याच्या शिरावर, आणि ‘शोभा’ इतरांच्या वांट्यास! या जिल्ह्यांतील कसबे तडवळे येथें सन १९४१ च्या फेब्रुवारींत महार-मांग वतनदारांची परिषद भरली व तीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले, तें या वतनी ओझ्याचा प्रश्न घेऊनच.

येथें कागद वाचणारांसाठीं एक इशारा द्यावासा वाटतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव रावबहादुर बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ मध्यें मांडला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्यें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. उद्यां कोणास तेवढाच ठराव सांपडला तर तो म्हणेल, १९२४ पासून तळें खुलें होतें. वस्तुतः तेथील पाण्यास हात लावण्यासाठीं १९२७ मध्यें सत्याग्रह करावा लागला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडलें. ठराव हा हेतूचा पुरावा होय. तो अमलांत आल्याचा पुरावा निराळा शोधावा लागतो. पंचायतीचें इतिवृत्त वाचतांना ही सावधगिरी पदोपदीं लागते. एकाच गटाराचा ठराव लागोपाठ वर्षें पुन्हा पुन्हा आला असेल तर गटार झालें नाहीं, एवढेंच त्यावरून निश्चित होतें.

राज्यकारभाराचा इतिहास थोडक्यांत उरकतों. हा मुलूख निजामाचा. मध्यंतरीं सन १८५३ पासून १८६० पर्यंत नळदुर्ग प्रांत इंग्रजांकडे होता, आणि त्यांतील पहिलीं कांहीं वर्षें तेथें मेडोज टेलर हा अधिकारी होता. रस्ते व जमिनीची पाहणी यांविषयीं त्याची आस्था त्याच्या आत्मचरित्रांत दिसते. तदनंतर पटेल-पटवाऱ्यांचा अंमल, आणि वरच्या कचेऱ्यांत पुढें उर्दू. सन १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम येथें लागू झाला. पाटिलकीचा वंशपरंपरागत अधिकारही १९६२ व १९६७ च्या कायद्यांनीं संपला.

या १९५८ च्या अधिनियमाचें पंचेचाळिसावें कलम व त्याची अनुसूची संशोधकांनीं मुळांतून पाहावी. रस्ते, दिवे, पाणी, स्वच्छता यांबरोबर ‘स्वसंरक्षण व ग्रामसंरक्षण’ असा स्वतंत्र भाग तींत आहे. एक्कावन्नाव्या कलमानें मोकळ्या जागा, पडीक, गायरान, रस्ते, पूल, विहिरी, तळीं, ओढे, झाडें हीं शासनास पंचायतीच्या स्वाधीन करितां येतात. त्रेपन्नावें कलम रस्ता व मोकळी जागा अडविणाऱ्याविरुद्ध आहे. मनूची गोचरभूमि व कौटिल्याचा चिखलाचा दंड हीं दोन्ही येथें पुन्हा भेटतात. मात्र निशाणी करणारें गोत पालटलें. नांगराच्या जागीं अंगठा आला. आणि जुन्या महजरांत जी क्वचित् दिसते ती स्त्री, राखीव जागांमुळें, पंचायतीच्या वहींत हक्कानें सही करूं लागली. महाराष्ट्रांत हें प्रमाण २०११ पासून निम्म्यावर गेलें आहे.

आतां मूळ मुद्यावर येतों. पांढरीची माती ही पुराणवस्तु शोधणाऱ्यांची खाण आहे, हें तेरच्या उदाहरणानें सर्वांस ठाऊक आहे. पेरिप्लुस ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलें ‘तगर’ तें हेंच तेर. येथील टेकाडांचें चापेकर यांनीं सन १९५८ मध्यें उत्खनन केलें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या तेथील वस्तूंतून पुढें शासकीय संग्रहालय उभें राहिलें. परंतु गांवकऱ्यांस हीच माती निराळ्या कारणासाठीं हवी असे. मराठवाड्यांतील घरें माळवदाचीं. तुळयांवर लांकडें, त्यांवर मातीचा जाड थर. पाणी गळूं नये म्हणून पावसाळ्यापूर्वीं त्यावर पांढरी माती आणून पसरावयाची. ही माती पाणी धरीत नाहीं, उन्हाळ्यांत घर गार ठेवते, गुण मोठा. दोष एवढाच कीं, दरसालच्या थरानें छताचा भार वाढत जातो. खालीं भिंती दगडांच्या खऱ्या, पण मातींत रचलेल्या, आणि आंतला व बाहेरचा थर जोडणारे आरपार दगड त्यांत बहुधा नसत.

सन १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस, पहाटे चार वाजण्यास चार मिनिटें असतां, गणपति बोळवून गांवें झोंपलेलीं असतां, लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील उमरगा तालुक्याचा भाग हादरला. सास्तूर व आसपासचीं गांवें बसलीं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें मृत्यु पावलीं. जेथें माळवदाचा भार लांकडी खांबांवर होता तेथें भिंती ढांसळूनही कित्येक छतें उभीं राहिलीं. जेथें तो भिंतींवर होता तेथें पिढ्यान्‌पिढ्यांची पांढरी झोंपलेल्या माणसांवर आली. आळ्या अरुंद; दोहों बाजूंच्या भिंती वाटेंत पडल्या, आणि जे घराबाहेर पडले त्यांसही वाट उरली नाहीं. कौटिल्यानें घरोघर शिडी व कुऱ्हाड ठेवण्यास सांगितलें त्याचें मर्म अशा वेळीं कळतें.

पुनर्वसनांत अधिक नुकसान झालेलीं ५२ गांवें जुन्या जागेवरून उठवून दुसरीकडे वसविण्यांत आलीं. जमिनीच्या मानानें कुटुंबास २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचें घर मिळालें. इतर गांवांत घरांची डागडुजी व मजबुती करण्यांत आली. त्या कामीं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें गांवोगांवच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून पुढें आणलें, हें विशेष होय. नवीं गांवें सरळ रेषांचीं, रुंद रस्त्यांचीं झालीं. ज्या माणसानें अरुंद आळींत आपलें माणूस गमावलें त्यास रुंद रस्ता हवा, यांत नवल कोणतें? पण गांव अनेकपटींनीं पसरला. रस्ता, गटार, दिवे, नळ यांची लांबी वाढली, आणि तें सर्व सांभाळण्याचें काम ज्या पंचायतीकडे आलें तिची घरपट्टी-पाणीपट्टी मात्र तेवढ्याच घरांची. वेस नाहीं, कारण तट नाहीं. पार कोठें असावा हें आराखड्यावर ठरलें. देऊळ, बारव, चावडीचें जोतें हीं जुन्या गांवीं राहिलीं.

आणि येथेंच दप्तराचा प्रश्न येतो. आमच्या मोजणीनें आजवर काळी मोजली, पांढरी मोजली नाहीं. महसुली नकाशांत शेताशेतास क्रमांक आहे. गांवठाण म्हणजे मधला एक कोरा ठिपका. दोन हजारांहून कमी वस्तीच्या गांवांत तर घरांची मोजणी झालीच नव्हती. स्वामित्व योजनेंत २०२० पासून विमानयंत्रानें ती होऊं लागली, पण ती आजच्या गांवठाणांची. १९९३ मध्यें पडलेल्या गांवांतील आळी कोठून कोठें जात होती, आड कोणाच्या दारांत होता, सार्वजनिक जागा किती होती, हें सांगणारा कागद पाहूं गेल्यास पंचायतीखेरीज दुसरें घर नाहीं.

त्यांत सर्वांत मोलाची वस्तु ‘नमुना आठ’, म्हणजे कर-आकारणीची नोंदवही. तींत घराचा क्रमांक, मालक, भोगवटादार, आणि घर दगडमातीचें कीं विटांचें याचें वर्णन असतें; पडलेल्या गांवाची ती घरवार यादी होय. तिच्या जोडीस मासिक सभांचीं व ग्रामसभांचीं इतिवृत्तें ठेवावीं. वेशीचा दरवाजा दुरुस्त करणें, पाराभोंवतीं ओटा बांधणें, आडास कठडा घालणें, एखाद्याचा ओटा रस्त्यांत आला म्हणून नोटीस देणें, असे विषय त्यांत असतात. कंटाळवाणे खरे, पण तंतोतंत जुन्या महजरांतलेच. २००७ मध्यें सुरू झालेल्या तंटामुक्त गांव मोहिमेच्या वह्या तर नांव बदललेले महजरच आहेत. संगणक आल्यापासून या जुन्या वह्यांची निकड कोणास वाटत नाहीं. कपाटाच्या तळाशीं त्या पडतात आणि वाळवीच्या स्वाधीन होतात.

मूळ वह्या पंचायतींतच राहूं द्याव्या. त्या सार्वजनिक आहेत, आणि आमच्या रुमालांत आणून बांधण्याचा मोह येथें आवरला पाहिजे. पंचायतीची लेखी परवानगी घेऊन छायाचित्रें काढावीं, पृष्ठांक व अर्धवट फाटलेलीं पानें नोंदावीं. घरांचे क्रमांक बहुधा आळीच्या क्रमानें दिलेले असतात. यास्तव नमुना आठ ओळीनें वाचीत गेल्यास जुन्या गांवाचा नकाशा पुन्हा मांडतां येतो. परंतु त्यासाठीं तेथें राहिलेला मनुष्य सोबत हवा. १९९३ मध्यें विशींत असलेला मनुष्य आज पन्नाशी ओलांडून गेला आहे, आणि जे त्या वेळींच पन्नाशीचे होते ते थोडेच उरले आहेत. त्यांस जुन्या गांवठाणावर घेऊन जावें, वही उघडावी, आणि क्रमांक एकचें घर वेशीच्या कोणत्या अंगास होतें एवढें प्रथम विचारून घ्यावें.