एक संगणक, दोन वजनकाटे : लिनक्समधील डिव्हाइस नोडची व्यवस्था

आज किराणा, सुकामेवा, भंगार, हार्डवेअर अशा अनेक दुकानांत बिल संगणकावर निघते आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा थेट संगणकाला जोडलेला असतो. लिनक्स ही कार्यप्रणाली विनामूल्य मिळते म्हणून काही व्यापारी तिच्याकडे वळले आहेत. परंतु तिची एक रीत माहीत नसल्याने गोंधळ उडतो. तो टाळता यावा म्हणून आम्ही आज हा विषय घेत आहोत.

समजा, एका दुकानात दोन काटे आहेत. गल्ल्याजवळ लहान काटा आणि मागे पोत्यांसाठी मोठा काटा. दोन्ही काटे यूएसबी कन्व्हर्टरने एकाच संगणकाला जोडले आहेत. संगणक त्यांना 'टीटीवाययूएसबी०' व 'टीटीवाययूएसबी१' अशी नावे देतो. बिलाच्या प्रोग्रॅममध्ये शून्य म्हणजे लहान काटा असे ठरवून दिले. महिनाभर काम सुरळीत चालले. मग एके दिवशी झाडलोट करताना केबली निघाल्या आणि उलट क्रमाने लावल्या गेल्या. आता शून्य हे नाव मोठ्या काट्याला मिळाले. गल्ल्यावर दोन किलो बदाम ठेवले, पण बिलात मागच्या पोत्याचे वजन आले. एवढा मोठा फरक लगेच लक्षात येतो. पण दोन्ही काटे सारखेच असतील आणि वजनेही जवळपास असतील, तर चूक दिवसभर चालू राहते व दुकानाची पत जाते.

हे का घडते?

युनिक्समध्ये उपकरणालाही फाइलसारखेच वागवले जाते. डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी १९७४ साली युनिक्सविषयी प्रसिद्ध केलेल्या लेखातच ही कल्पना मांडलेली आहे. 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक उपकरणासाठी एक खास फाइल असते. तिलाच डिव्हाइस नोड म्हणतात. तिच्यात मजकूर नसतो. तिच्यावर फक्त जात आणि दोन क्रमांक नोंदलेले असतात. जात अक्षर-उपकरणाची किंवा ब्लॉक-उपकरणाची असते. पहिला, म्हणजे मेजर क्रमांक, कोणता ड्रायव्हर काम पाहील ते सांगतो. दुसरा, म्हणजे मायनर क्रमांक, त्या ड्रायव्हरच्या हाताखालचे नेमके कोणते उपकरण ते सांगतो. पहिल्या हार्डडिस्कचे, म्हणजे 'एसडीए'चे, क्रमांक साधारणतः ८ आणि ० असतात. यूएसबी कन्व्हर्टरचा मेजर क्रमांक १८८ असतो.

पूर्वी हे नोड आधीच करून ठेवावे लागत. 'मेकडेव्ह' नावाची स्क्रिप्ट ढिगाने नोड बनवून ठेवी, मग ते उपकरण जोडलेले असो वा नसो. यूएसबी आल्यावर उपकरणे केव्हाही जोडली व काढली जाऊ लागली आणि ही रीत अपुरी पडली. २००३ साली ग्रेग क्रोह-हार्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'यूडेव्ह' हा प्रोग्रॅम आणला. आज उपकरण जोडताच कर्नल स्वतः नोड तयार करतो आणि यूडेव्ह त्याचे अधिकार व जोडनावे ठरवतो. ही डिरेक्टरी मेमरीत असते. म्हणून 'एमकेनोड' आज्ञेने हाताने केलेला नोड किंवा हाताने बदललेले अधिकार संगणक बंद केला की पुसले जातात.

मुख्य गोष्ट ही की कर्नल नावे देतो ती उपकरण सापडेल त्या क्रमाने. दवाखान्यातील टोकनसारखाच हा प्रकार आहे. जो आधी येईल त्याला पहिला नंबर, मग तो कोणीही असो. टोकनवरून माणसाची ओळख पटत नाही.

उपाय

उपाय एकच. उपकरणाला त्याच्या स्वतःच्या ओळखीवरून कायमचे जोडनाव द्यावे. 'यूडेव्हएडीएम इन्फो' ही आज्ञा चालवली की उपकरणाचा कंपनी क्रमांक, वस्तू क्रमांक आणि बहुधा अनुक्रमांकही दिसतो. मग 'ईटीसी' डिरेक्टरीतील 'यूडेव्ह'च्या 'रूल्स.डी'मध्ये एक फाइल करावी. तिचे नाव '.रूल्स' याने संपले नाही तर यूडेव्ह ती वाचतच नाही. नियमाचा आशय असा : उपकरण टीटीवाय वर्गाचे असेल आणि त्याचा अनुक्रमांक अमुक असेल, तर त्याला 'लहानकाटा' हे जोडनाव द्यावे. अटीत बरोबरचे चिन्ह दोनदा येते. जोडनाव देताना अधिक व बरोबर अशी दोन चिन्हे एकत्र येतात. नुसते बरोबर लिहिले तर आधीची जोडनावे पुसली जातात. शेवटी बिलाच्या प्रोग्रॅममध्ये आकड्याच्या नावाऐवजी हे जोडनाव भरावे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. अनेक स्वस्त कन्व्हर्टरांत अनुक्रमांकच नसतो. असे दोन कन्व्हर्टर संगणकाला जुळ्या भावांसारखे दिसतात. अशा वेळी ते कोणत्या पोर्टात लावले आहेत, त्यावरून नियम करावा आणि पोर्टावर चिठ्ठी चिकटवावी. त्याहून चांगले म्हणजे अनुक्रमांक असलेला कन्व्हर्टर घ्यावा.

अधिकारांची बाब

काटा वाचता येत नाही अशी तक्रार आली की काही कारागीर नोड सर्वांना खुला करून मोकळे होतात. हे बरे नव्हे. डेबियन व उबुंटूमध्ये असे नोड 'डायलआउट' या गटाकडे असतात. बिल करणाऱ्या नोकराचे खाते त्या गटात घालावे आणि त्याला एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायला सांगावे. मात्र त्याला 'डिस्क' गटात कधीही घालू नये. त्या गटातील माणूस फाइलींवरचे सर्व निर्बंध ओलांडून सरळ डिस्क वाचू आणि पुसू शकतो.

हीच खबरदारी हिशेबाच्या बॅकअपलाही लागू आहे. बाहेरची डिस्क आज 'एसडीबी' असेल, उद्या आधी पेनड्राइव्ह लावला तर ते नाव त्याला जाईल. त्या नावावर सरळ लिहिणारी आज्ञा चालवली तर भलत्याच डिस्कवरचा मजकूर पुसला जाईल. म्हणून डिस्क तिच्या यूयूआयडीने, म्हणजे फाइलप्रणालीवर कोरलेल्या लांबलचक ओळखक्रमांकाने जोडावी.

आमची व्यापारी बांधवांना विनंती आहे की संगणक बसवणाऱ्याला पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. सर्व केबली काढाव्यात आणि उलट क्रमाने पुन्हा लावाव्यात. नियम अनुक्रमांकावर असेल तर पोर्टही अदलाबदल करून पाहावेत. संगणक बंद करून परत सुरू करावा. मग प्रत्येक काट्यावर एक किलोचे प्रमाणित वजन ठेवून बिल काढावे. बिल बरोबर आले तरच काम पुरे झाले असे समजावे.