फिके रक्त, दमलेले हृदय



आमच्या महाविद्यालयाची पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी प्रात्यक्षिकाला नेहमी उशिरा येई आणि आल्यावर स्टुलावर बसून राही. "या वयात जिन्याचा एवढा कंटाळा?" असे मी तिला सर्वांदेखत म्हणालो. पुढे तिचे रक्त तपासले, तेव्हा १०० मिलिलिटर रक्तात हीमोग्लोबिन अवघे ७.५ ग्रॅम निघाले. तिच्या वयाच्या मुलींत ते निदान १२ ग्रॅम असावे लागते. ती आळशी नव्हती. माझाच हिशेब चुकला होता. तो आज आपण नीट मांडू.

रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सुमारे ४५ ते ५० लाख तांबड्या पेशी असतात. त्यांतील हीमोग्लोबिन लोहाच्या साह्याने प्राणवायू धरून ठेवते. एक ग्रॅम हीमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. म्हणजे १५ ग्रॅम हीमोग्लोबिन असलेले १०० मिलिलिटर रक्त २० मिलिलिटर प्राणवायू नेईल, तर ७.५ ग्रॅमचे रक्त फक्त १०.

लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. यालाच आपण रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतो. गंमत अशी, की जे थोडे हीमोग्लोबिन असते ते फुप्फुसांतून पूर्ण भरूनच निघते. म्हणून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळीही ९८ टक्के दाखवू शकते! एस.टी.च्या सर्व गाड्या भरलेल्या, पण गाड्याच निम्म्या, अशी ही स्थिती. मग उपाय एकच : खेपा वाढवणे.

खेपा वाढवायच्या कोणी? अर्थात हृदयाने. प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. निरोगी रक्तातून त्याबरोबर १००० मिलिलिटर प्राणवायू जातो आणि शरीर त्यांतला सुमारे २५० वापरते. हीमोग्लोबिन निम्मे झाले की पुरवठा ५०० वर येतो. बसून राहिल्यास एवढ्यात भागते. पण जिना चढताना गरज सहज चौपट, म्हणजे १००० होते. मग शरीर रक्तातून नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू काढून घेते. तरीही पुरत नाही. नाडी जलद चालते, छाती धडधडते, धाप लागते.

येथे पदार्थविज्ञानाचा एक नियम दिसतो. पेशी कमी झाल्याने रक्त पातळ होते, त्याची श्यानता घटते. पातळ द्रव वेगाने वाहू लागला की त्याचा प्रवाह संथ न राहता खळाळता होतो. ओढ्याचे खोल पाणी निःशब्द असते आणि दगडांवरून उसळणारे आवाज करते, तसेच हे. तीव्र रक्तक्षयात डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून कधी कधी ही 'मर्मर' ऐकू येते.

हृदयाला मात्र दुहेरी फटका बसतो. त्याचे स्नायू एरवीही रक्तातला बहुतेक प्राणवायू काढून घेतात. त्यामुळे शिल्लक थोडीच असते. ओझे वाढवायचे आणि वैरण कमी करायची, असे बैलाबाबत केले तर काय होईल? तीव्र रक्तक्षय दीर्घकाळ राहिला तर हृदयाचे कप्पे रुंदावतात, भिंती जाड होतात आणि शेवटी ते थकते. वेळीच उपचार झाले तर बहुधा हा ताण उतरतो.

हा प्रश्न दूरचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आहारात लोह कमी असणे, मासिक पाळीतील रक्तस्राव, अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी ही त्याची काही कारणे. अळीव, बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या खाव्यात. सोबत लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा मात्र त्याच्या आड येतो. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीबाहेर टाकू नका. पण प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. सिकलसेल, थॅलसेमिया ही कारणे वेगळी. म्हणून आधी रक्ततपासणी, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध.

आणि एक करा. तुमच्या वर्गात कोणी जिन्यात मध्येच थांबत असेल, खेळातून लवकर बसत असेल, तर हसू नका. शिक्षकांनो, आपणही रागावू नका. आधी रक्त तपासायला सांगा. मी ते उशिरा शिकलो.