पाहुण्या शिंपल्यांचा मागोवा

उरण तालुक्यातील करंजा या कोळीवाड्याच्या उत्तरेला, त्याच तालुक्यात न्हावा-शेवा बंदर आहे. माल भरण्यापूर्वी जहाज तोल सांभाळण्यासाठी घेतलेले समुद्राचे पाणी बाहेर सोडते. त्यातून परक्या किनाऱ्यांवरचे सूक्ष्म जीव आणि शिंपल्यांची पिल्ले येथे पोहोचतात. जहाजाच्या तळाला चिकटूनही काही जीव येतात.

मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला असाच भारतात आला. १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमला तो आढळला, पुढे मुंबई बंदरातही. हा शिंपला जेमतेम इंचभर लांबीचा. चिवट धाग्यांनी तो खांब, दोर आणि नळांना घट्ट धरतो, थरावर थर चढवतो आणि स्थानिक जिवांची जागा बळकावतो. पाणी गोडसर असो वा खारट, त्याला दोन्ही मानवते. म्हणून खाडीमुखाशी वसलेल्या करंजासारख्या कोळीवाड्यांनी त्याच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

अशा परक्या जिवांच्या प्रसाराचे भाकीत तीन गोष्टींवर बांधतात: दोन बंदरांच्या पाण्याचे तापमान व क्षारता किती जुळते, त्यांच्यात जहाजांची ये-जा किती आहे आणि पिल्ले प्रवासात किती काळ तगतात. तापमानाचेच उदाहरण घ्या: ध्रुवीय समुद्रात परक्या जिवांविरुद्ध आजवर थंडीच पहारा देत होती. पाणी तापले, बर्फ हटले की हा पहारा ढिला पडतो आणि जहाजांचे मार्गही खुले होतात.

२००४ चा जहाजतोल-पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. तरीही परका जीव एकदा पसरला की त्याला हटवणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे तो पसरण्याआधीच सापडावा म्हणून बंदरांतील पाण्याची नियमित तपासणी गरजेची आहे.