‘उष्णता आहे’ म्हणून सोडून देऊ नका

“उष्णता झालीय, सब्जाचं पाणी घे, जाईल.” मोठ्या माणसाच्या अंगावर बारीक पुरळ उठलं की हा सल्ला ठरलेला. तीन दिवसांत पुरळ जातं आणि सल्ला खरा ठरल्यासारखा वाटतो. अहो, रुबेला या विषाणूजन्य आजाराचं पुरळही साधारण तीनच दिवस टिकतं! ते गेलं म्हणून ती उष्णता होती, हे कशावरून?

रुबेलात मोठ्यांमध्ये पुरळाआधी एक ते पाच दिवस बारीक ताप, डोकेदुखी, सर्दी, डोळ्यांची लाली दिसू शकते. कानामागे आणि मानेवर मागच्या बाजूला गाठी येतात. हात लावून पाहा, दुखतात. गुलाबी पुरळ आधी चेहऱ्यावर उठतं, मग खाली उतरतं. बोटं, मनगटं, गुडघेही धरतात. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेनुसार, रुबेला झालेल्या प्रौढ स्त्रियांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना सांध्यांचा त्रास होतो. पुरळ आणि सांधेदुखी तर डेंगी-चिकुनगुन्यातही असते. त्यामुळे नुसतं बघून निदान होत नाही, रक्ताची आयजीएम (प्रतिपिंड) तपासणी लागते. पुरळाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ती निगेटिव्ह आली, तरी पुन्हा करावी लागू शकते.

“एवढ्याशा आजाराचा किती बाऊ!” असंही ऐकवतात. आजार सौम्य आहे, पण गर्भासाठी नाही. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच बाळांचा जन्मजात मोतीबिंदू आणि आईला गरोदरपणात झालेला रुबेला यांचा संबंध दाखवला. बहिरेपण आणि हृदयदोषही यातूनच येतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, गरोदरपणाच्या सुरुवातीला लागण झाली, तर ती गर्भाला पोचण्याची शक्यता ९० टक्के असते.

आणखी काही गैरसमज :

पुरळ नाही, म्हणजे रुबेला नाही. चूक. २५ ते ५० टक्के लोकांना लक्षणंच दिसत नाहीत, तरी लागण पसरते.

लहानपणी गोवर येऊन गेलाय. गोवराचा विषाणू वेगळा. तो रुबेलापासून वाचवत नाही.

लस सगळ्यांनाच मिळालीय. महाराष्ट्रातली नोव्हेंबर २०१८ ची गोवर-रुबेला मोहीम नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी होती. त्याहून मोठ्या मुली तिच्यात नव्हत्या.

गरोदरपणात लस घेता येईल. नाही. ती आधी घ्यायची आणि पुढे महिनाभर गर्भधारणा टाळायची.

पुरळ उठण्याआधीचे आणि नंतरचे सात-सात दिवस लागण पसरू शकते. म्हणून पुरळ दिसताच गरोदर बाईपासून लांब राहा. दवाखान्यात जाण्याआधी फोन करून पुरळाचं सांगा. तिथे बाहेर बसलेल्यांत कुणी गरोदर असू शकते. आणि आधीच्या आठवड्यात अशा कुणाच्या सहवासात आला असाल, तर तिलाही लगेच कळवा. तिची तपासणी वेळेत व्हायला हवी.