गावातलं गिऱ्हाईक: फ्रीलान्स वेब डेव्हलपरला स्थानिक काम कुठे आणि कसं मिळतं

समोर बसलेल्या बहुतेकांना वेबसाइट बनवता येते, हे मी धरून चालतो. कुणी वर्डप्रेसवर करत असेल, कुणी रिअ‍ॅक्टमध्ये. त्यामुळे आज कोडबद्दल बोलायचं नाही. आजचा विषय असा की काम करता येतं, पण काम मिळत नाही. मग पोरगं अपवर्क, फायव्हरवर प्रोफाइल टाकतं आणि साऱ्या जगाबरोबर बोली लावत बसतं. तिथे काम मिळत नाही असं नाही. पण नवख्याचा भाव तिथे सारखा खाली खेचला जातो. आणि त्याच्या घरापासून आठ-दहा किलोमीटरवर असलेल्या कारखानदाराला मात्र आपल्या गावात असं काम करणारं कुणी आहे, हे ठाऊकच नसतं.

मी उदाहरणासाठी कोल्हापूर घेतो, कारण एकाच जिल्ह्यात किती तऱ्हेचे धंदे असतात ते तिथे नीट दिसतं. तुम्ही त्या जागी तुमचं गाव ठेवा. इचलकरंजी ठेवा, जळगाव ठेवा, मडगाव ठेवा.

कुणाला विकायचं नाही

आधी नकार शिकून घेऊ. तुम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलात आणि म्हणालात, "काका, वेबसाइट करून देऊ का?" काका म्हणणार, "कशाला? व्हॉट्सअ‍ॅप आहे की!" आणि काकांचं बरोबर आहे. त्यांचं गिऱ्हाईक त्याच गल्लीतलं. त्याला दुकान माहीत, उधारीची वही माहीत. व्हॉट्सअ‍ॅपचं धंद्यासाठीचं अ‍ॅप २०१८ पासून फुकट आहे, गुगल मॅपवर नाव नोंदवणं फुकट आहे. काकांना एवढं पुरतं. तिथे वेबसाइट गळ्यात मारलीत तर वर्षभरात ती बंद पडेल आणि काका चार लोकांना सांगतील, "पैसे वाया गेले."

मग कुणाला गरज असते? मी दोन प्रश्न विचारतो. गिऱ्हाईक किती लांबून येतं? आणि एका व्यवहारात त्याचे किती पैसे अडकतात? गिऱ्हाईक लांबचं असेल आणि रक्कम मोठी असेल, तर तो माणूस फोन उचलण्याआधी तपास करणार. तो तपास जिथे होतो, तिथे धंदा दिसला पाहिजे. तुमचं काम तिथे आहे.

आता कोल्हापुरात फिरू. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. त्यांचा माल घेणारा परचेस ऑफिसर पुण्यात असेल, चेन्नईत असेल. त्याला काय बघायचं असतं? किती किलोपर्यंतचं कास्टिंग ओतता, कोणत्या ग्रेडचं, मशीन कोणती आहेत, तपासणीची सोय काय, आयएसओ प्रमाणपत्र आहे का. बऱ्याच ठिकाणी ही माहिती मालकाच्या डोक्यात असते नाहीतर एका जुन्या पीडीएफमध्ये. हुपरीला चला. तिथे चांदीचे दागिने घडतात आणि ते घेणारे व्यापारी परराज्यातले असतात. अंबाबाईच्या देवळाजवळची यात्री निवासं घ्या. भाविक घरून निघतानाच खोली ठरवतो. कोल्हापुरी चप्पल घ्या. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरगावच्या माणसाला खरी चप्पल कोण घडवतं हे कळायला हवं असतं आणि घडवणाऱ्याकडे ते सांगायला जागा नसते. या चौघांची गरज सारखी नाही. फौंड्रीला मशीनची यादी लागते, निवासाला बुकिंग लागतं, चप्पलवाल्याला मापाचा तक्ता आणि कुरिअरची सोय लागते. म्हणून माझा आग्रह असतो की सुरुवातीला एकच धंदा धरा. तिसऱ्या फौंड्रीची साइट करताना परचेस ऑफिसर काय विचारतो, ते तुम्हाला मालकाइतकंच ठाऊक झालेलं असतं.

घरी बसून करायचं काम

धंदा ठरला की तीस नावांची यादी करा. गुगल मॅप, इंडियामार्ट, जस्टडायल, एमआयडीसीतल्या पाट्या, कुठूनही. प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहा. साइट आहे का? मोबाइलवर नीट उघडते का? ब्राउझर "सुरक्षित नाही" असं सांगतो का? फोन नंबर चालू आहे का? साइटवरची माहिती शेवटची कधी बदललेली दिसते?

त्यात एक खास गट सापडेल. गुगल पूर्वी व्यवसायाच्या नोंदीबरोबर एक छोटी फुकट साइट बनवू द्यायचं. पत्त्याच्या शेवटी "बिझनेस डॉट साइट" असायचं. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. पण तो पत्ता छापलेली कार्डं, बिलबुकं, टेंपोवरच्या पाट्या काही आपोआप पुसल्या गेल्या नाहीत. अशा मालकाला वेबसाइटचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही, कारण त्याने एकदा ती केलेली असते. त्याला फक्त एवढं दाखवायचं, की कार्डावरचा पत्ता आता उघडत नाही.

भेटायला जाताना

ईमेल पाठवून ठेवला म्हणजे झालं, असं समजू नका. वर्कशॉपच्या ईमेलमध्ये अशा जाहिराती रोज पडतात. जा आणि भेटा. दुकान असेल तर सकाळी बोहनीच्या वेळी आणि संध्याकाळी गर्दीत जाऊ नका. कारखान्यात डिस्पॅचच्या घाईत जाऊ नका. आधी जाऊन ऑफिसातल्या माणसाला विचारा, "साहेब निवांत कधी असतात?" आणि त्या वेळेला परत जा. सांगितलेल्या वेळेला परत येणारा माणूस, एवढीच ओळख पहिल्या दिवशी पुष्कळ झाली.

आत गेल्यावर "तुमची वेबसाइट जुनाट आहे" असं म्हणायचं नाही. कामगारांसमोर, मुलासमोर तर नाहीच. ती साइट कदाचित त्याच मुलाने केलेली असेल! त्यापेक्षा विचारा, "साहेब, शेवटचं नवीन गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत कसं पोचलं?" आणि गप्प बसून ऐका. मालक सांगतील की अमक्याने नाव सुचवलं, मग त्यांनी फोटो मागितले, मग मशीनची यादी मागितली, मी व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक पाठवत बसलो, त्यात चार दिवस गेले. तुमचं काम काय आहे, ते त्यांनीच सांगितलं. आता तुम्ही म्हणायचं, "हे सगळं एका पानावर ठेवू. पुढच्या वेळी तुम्ही फक्त लिंक पाठवा." बघा, यात "डिजिटल उपस्थिती" वगैरे एकही जड शब्द आला नाही.

दुसरी वाट म्हणजे ओळखीची. ज्यांचं त्या मालकाकडे आधीच जाणंयेणं आहे अशी माणसं शोधा: कर सल्लागार, कॅटलॉग छापणारा प्रेसवाला, पाट्या करणारा, सीसीटीव्ही बसवणारा, मालाचे फोटो काढणारा. त्यांच्याशी नीट ठरवा. काम मिळालं तर त्यांना काही द्यायचं असेल, तर ते उघड असू दे. तसंच उद्योजकांच्या संघटना असतात. कोल्हापुरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, शिरोलीची स्मॅक आहे, गोकुळ शिरगावची गोशिमा आहे. अशा ठिकाणी विक्रीचं भाषण करण्यापेक्षा सभासदांना एक तास उपयोगाचं काही शिकवा. गुगल मॅपवरची आपल्या कारखान्याची नोंद आपल्या ताब्यात कशी घ्यायची, हा विषय सगळ्यांच्या कामाचा आहे.

किल्ली कुणाकडे?

आता ज्यासाठी मी हे व्याख्यान घ्यायचं ठरवलं, त्या मुद्द्यावर येतो. समजा, एका वर्कशॉपची साइट कुणीतरी चार वर्षांपूर्वी केली. डोमेन त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पुढे त्याला बंगळूरला नोकरी लागली, नंबर बदलला. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली. डोमेन गेलं. त्याबरोबर त्या डोमेनवरचे ईमेल गेले, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चौकशा गेल्या. त्या माणसाने लबाडी केली असंही नाही. पण मालकाच्या लेखी पुढे येणारा प्रत्येक वेबसाइटवाला त्याचाच भाऊ! तुम्ही दारात उभे राहता तेव्हा तुमच्या आधी येऊन गेलेल्याचा हिशेबही तुम्हालाच द्यावा लागतो. गाव लहान असतं. एकाने बुडवलं की दहा दारं बंद होतात.

म्हणून पहिल्याच भेटीत सांगा आणि कागदावर लिहून द्या: डोमेन मालकाच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या कार्डाने भरलेलं. होस्टिंगचं खातं त्यांचं. गुगलच्या नोंदीचे मुख्य मालक ते, तुम्ही फक्त व्यवस्थापक. काम संपल्यावर एक पान छापून द्यायचं: कोणतं खातं कुठे आहे, कधी नूतनीकरण आहे, किती पैसे लागतील. पासवर्ड मात्र त्या पानावर नको, तो मालकांनी स्वतः टाकावा.

प्रश्न: सर, सगळं त्यांच्या हातात दिलं तर पुढच्या वर्षी ते आपल्याला का बोलावतील?

चांगला प्रश्न आहे. अडकवून ठेवलेलं गिऱ्हाईक पैसे देतं, पण तुमचं नाव दुसऱ्याला सुचवत नाही. आणि गावात काम वाढतं ते नाव सुचवण्यातूनच. देखभालीचा वार्षिक करार वेगळा ठेवा. त्यात काय येतं ते मोजून लिहा: बॅकअप, अपडेट, वर्षातून इतक्या वेळा फोटो आणि यादी बदलणं. ते काम दिसलं की माणूस आपणहून बोलावतो.

प्रश्न: "माझा भाचा कॉम्प्युटर शिकलाय, तो करून देईल" असं म्हणाले तर?

भाच्याशी भांडू नका. म्हणा, "उत्तम. त्याला हे एक पान द्या." आणि त्या पानावर साइटवर काय काय हवं ते लिहून द्या. भाच्याने केली तर मालकांचं भलं झालं. नाही केली तर दोन महिन्यांनी ते पान टेबलावर असेल आणि त्यावर तुमचा नंबर असेल.

पैशाचं बोलणं

पहिलं काम छोटं घ्या, पण फुकट घेऊ नका. फुकटच्या कामाला मालक फोटो वेळेवर देत नाही, मजकूर देत नाही, आणि साइट सहा महिने अर्धवट राहते. निम्मे पैसे आधी, उरलेले साइट सुरू करताना. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च तुमच्या मजुरीत मिसळू नका, वेगळा दाखवा.

उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये. करार नसेल तर १५ दिवसांत. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराचा नियम असा आहे, की या मुदतीपलीकडे रखडवलेली रक्कम देणाऱ्याला खर्च म्हणून प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी दाखवता येते. मोठ्या कारखान्यांचे अकाउंटंट हे जाणतात. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. तेवढं पुरे, धमकी द्यायची गरज नाही. आणि एक लक्षात ठेवा: महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही.

शेवटी, या आठवड्याचं काम. एक धंदा निवडा. तीस नावं लिहा, पाच गोष्टी तपासा. त्यातली सहा नावं अशी काढा, जिथे गिऱ्हाईक लांबचं आहे आणि काहीतरी ठळक तुटलेलं आहे. त्या सहा ठिकाणी जाऊन फक्त तो एक प्रश्न विचारा: शेवटचं नवीन गिऱ्हाईक कसं पोचलं? उत्तरं वहीत लिहून आणा. पुढच्या व्याख्यानात त्या उत्तरांवरून कोटेशन कसं लिहायचं ते बघू.