मोठेपणी कलेचे शिक्षण : शिरूर-दौंडमधून निघणाऱ्या वाटा

शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाला तिशी-चाळिशीत चित्रकार, गायक किंवा नट म्हणून उभे राहायचे असेल, तर त्याला आधी अडवते ते वय नसून दहावी-बारावीचे प्रमाणपत्र. कलेतले पदवी-शिक्षण हा कागद मागते, कलेच्या कित्येक स्वतंत्र परीक्षा मात्र तो मागत नाहीत. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा फरक नीट कळणे जास्तच गरजेचे आहे, कारण पुण्याला एक फेरी मारायची तर इथल्या माणसाचा कामाचा दिवस जातो.

प्रौढ वयात पाटी हाती घेणे या भागाला नवे नाही. दौंड तालुक्यातील केडगावात पंडिता रमाबाईंनी १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे केले. त्याआधीच्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनेक निराधार मुली आणि स्त्रिया इथे आणल्या होत्या. त्यांना लिहायला-वाचायला शिकवले जाई आणि त्याच आवारात विणकाम, शिवण, छपाईही. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे स्त्रियाच करत. रमाबाईंनी स्वतः उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि ते याच छापखान्यातून निघाले. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनीही लहान मुलगी नव्हती. विशी ओलांडलेल्या त्या विधवेचे नाव गोदूबाई नातू; पुढे त्याच महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. केडगावचे वैशिष्ट्य असे, की तिथे अक्षर आणि हुन्नर एकाच छपराखाली मिळे. आज या दोन गोष्टी वेगवेगळ्या संस्थांकडे गेल्या आहेत आणि त्यांची सांगड शिकणाऱ्यानेच घालायची असते.

अक्षराच्या बाजूचा सर्वांत ओळखीचा मार्ग म्हणजे ‘१७ नंबरचा फॉर्म’. किमान पाचवी झालेला, चौदा वर्षे पूर्ण केलेला कोणीही खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्या दहावीला बसू शकतो. वयाला वरची मर्यादा नाही. बारावीसाठी दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षे झालेली असावी लागतात. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिथे नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसता येते, म्हणजे एकेक विषय सोडवत जाता येतो. चित्रकला हाही तिथे एक विषय आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणाऱ्याला, गळीत हंगामात कारखान्यावर अडकणाऱ्याला ही सवलत मोलाची ठरते. बारावीनंतर घरी राहून पदवी करायची तर १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

संगीत आणि नृत्याच्या स्वतंत्र परीक्षा सुरू करायला यातले काहीही आधी लागत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि पन्नाशीतला माणूसही प्रारंभिकला बसू शकतो. गावातल्या गुरूकडे शिकून केंद्रावर परीक्षा द्यायची, अशी ही पद्धत आहे. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतात, तेव्हा लिहिण्याचा सराव सोडून चालत नाही. विशारद झालेल्याला स्वतःचा क्लास काढता येतो. नोकरीसाठी मात्र विशारदला सगळीकडे पदवी धरतीलच असे नाही, हे आधीच समजून घ्यावे.

इतर कलांची आणि पदवी-शिक्षणाची दारे अधिक अरुंद आहेत. चित्रकलेच्या पदवीसाठी बारावी आणि राज्य सीईटी कक्षाची परीक्षा लागते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्राचे पेपर असतात. हाताची सवय मोडली असेल, तर वर्षभराचा सराव धरूनच चालावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात १९८७ पासून संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवले जाते, तिथल्या बी.ए.लाही बारावी हवी. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या चित्रपट संस्थेत मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते, पण ती अल्पमुदतीचे वर्गही घेते. वय खरोखर आडवे येते ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, कारण तिथे तिशीच्या आसपास दार बंद होते.

लोककलेची तऱ्हा उलटी आहे. दौंड तालुक्यातील चौफुल्याची कला केंद्रे लावणीसाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहेत आणि शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशाचे गाव. वग आणि लावण्या लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. त्यांना राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. इथे कला फडात आणि घरात उतरत आली, शाळा मागे पडली. अशा कलावंताला मोठेपणी शिकायचे असते ते नाचगाणे नव्हे, तर हिशेब आणि करार वाचणे. आणि इतरांना शिकवायचे झाल्यास लागणारा कागद मिळवणे. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी लोककलेचे रीतसर अभ्यासक्रम चालवते, पण तिथल्या एम.ए.पर्यंत जाण्याची वाटही पदवीतूनच जाते. कागदाचा उपयोग कवी नारायण सुर्वे यांच्याकडे पाहून कळतो. ते महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. मोठेपणी सातवीची परीक्षा देऊन ते शिक्षक झाले. कविता त्यांच्याजवळ होतीच, परीक्षेने पोटाची सोय केली.

राहिला प्रवासाचा प्रश्न. दौंडहून पुण्याला लोकल गाडीने जाता येते. शिरूरला रेल्वे नाही, आणि एस.टी. वाघोलीच्या कोंडीत किती वेळ अडकेल याचा भरवसा नाही. त्यामुळे रोज जाऊन-येऊन करायचा अभ्यासक्रम दौंडकराला जमेल, शिरूरकराला बहुधा पुण्यात खोली घ्यावी लागेल, आणि खर्चाचा हिशेब त्याप्रमाणेच मांडावा. ज्यांच्याकडे दहावीही नाही त्यांनी मात्र कागद मिळेपर्यंत कला थांबवून ठेवू नये. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी आणि गांधर्वची प्रारंभिक परीक्षा एकाच वर्षी देता येते.